जावईबापूंची वायर

मे महिन्यात आमच्या दारव्ह्याकडं पाहुणे येणार म्हटले की घरधन्यापुढं दोन प्रश्न उभे राहतात : पाणी कुठून आणायचं आणि झोपवायचं कुठं. पुतण्याचं लग्न आमच्याच अंगणात ठरलं, तेव्हा पाण्यासाठी टँकर सांगून झाला होता. झोपण्याचा प्रश्न जावईबापूंनी पुण्याहून फोनवरच निकालात काढला. "बाबा, आमची काळजी करूच नका. आम्ही कॅराव्हॅन भाड्यानं घेऊन येतोय. आमचं घर आमच्यासोबत. तुम्ही जनरेटर आणि वायर तेवढी बघून ठेवा."

'वायर तेवढी' हे शब्द मी आजही झोपेत ऐकतो.

सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, तेव्हा पेपर वाचता वाचता मी बायकोला म्हणालो होतो, "आपल्याकडं कोण आणते असली गाडी?" घरातच जावई आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह. नऊ ग्रहांच्या शांतीला भट मिळतो, दहाव्याच्या शांतीला वायरमन शोधावा लागतो.

जावईबापू सहा वर्षं टेक्सासला होते. तिकडं या गाडीला आरव्ही म्हणतात आणि माणसं तिच्यासाठी कर्ज काढतात. त्यांनी मला फोनवर अर्धा तास समजावलं. तिकडच्या गाड्या दोन जातीच्या, तीस ॲम्पिअरची आणि पन्नास ॲम्पिअरची. तीसवालीच्या प्लगला तीन पिना, पन्नासवालीच्या चार, कारण तिच्यात एकशेवीस व्होल्टच्या दोन लाइन येतात. जनरेटरचं तोंड एका जातीचं आणि गाडीचं दुसऱ्या जातीचं निघालं, की मधे अडॅप्टर लावायचं. दोन टोकांना जाड प्लग आणि मधे वीतभर वायर, म्हणून त्याला डॉगबोन म्हणतात.

"म्हणजे कुत्र्याचं हाडूक?" मी विचारलं.

"हो बाबा, तसंच दिसतं."

तीस ॲम्पिअर ऐकून माझी छाती दडपली होती. गावातल्या वायरमनला विचारलं. हा माझा जुना विद्यार्थी. गाव त्याला 'झटका' म्हणतं, कारण बोटानं करंट तपासायची त्याची ख्याती आहे. सातवीला मी त्याला गणितात कसाबसा ढकलला होता. तो खांबाला टेकून म्हणाला, "गुरुजी, तठी व्होल्ट किती? एकशेवीस. तीस गुणिले एकशेवीस, छत्तीसशे वॅट. आपल्याकडं दोनशे तीस. आपला गिझरचा सोळा ॲम्पिअरचा प्लग गुणिले दोनशे तीस, छत्तीसशे ऐंशी. त्यायचा तीस तो आपला सोळा. कायले भेता?"

मी मनातल्या मनात गुणाकार पडताळून पाहिला. बरोबर होता. त्याला सातवीत निदान दहा मार्क तरी जास्त द्यायला हवे होते.

पण भाड्याच्या गाडीला ना गिझरचा प्लग होता, ना टेक्सासचा. तिच्या बुडाशी होता निळा, गोल, झाकणाचा, कारखान्यात असतो तसला सोळा ॲम्पिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट. फोटो घेऊन मी तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फोटो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. "गुरुजी, निळा नाई. लाल हाय. लालात पाच पिना येतात."

"मला तीनच पाहिजेत."

"मंग दोन सोडून द्या ना जी."

लाल म्हणजे थ्री-फेज, चारशे पंधरा व्होल्ट. दोन पिना सोडून द्यायला ती काही ताटातली भाजी नव्हे. निळा प्लग शेवटी यवतमाळहून मागवला. मग त्यानं दुसरा प्रश्न टाकला, "वायर कोणती देऊ? तीन-बावीस का सात-वीस?"

मला वाटलं, तारखा सांगतोय. ते गेज निघालं. बावीस नंबरच्या तीन तारा पिळल्या की तीन-बावीस, वीस नंबरच्या सात पिळल्या की सात-वीस. आणि यात नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. छत्तीस वर्षं पहिला नंबर, दुसरा नंबर काढण्यात गेली, पण हे कोणी सांगितलं नव्हतं.

गेज म्हटलं की आमच्या पिढीला शकुंतला रेल्वेच आठवते. यवतमाळहून निघून दारव्ह्यावरून ती अडीच फुटी रुळावर मूर्तिजापूरला जायची आणि तिथं साडेपाच फुटी ब्रॉडगेजच्या पुढ्यात अंग चोरून उभी राहायची. तिथं अडॅप्टर नव्हतं. माणसं बोचकी घेऊन उतरत आणि मोठ्या गाडीत बसत. छोट्या रुळावर मोठी गाडी ढकलून द्यावी, असं इंग्रजालाही सुचलं नाही. प्लगच्या बाबतीत मात्र आम्ही रोज तेच करतो. गिझरच्या जाड पिना पंख्याच्या बारीक भोकात जात नाहीत, त्याअर्थी त्या जाऊ नयेत अशीच कुणाची तरी इच्छा असणार. पण प्रत्येक दुकानात एक पांढरा ठोकळा टांगलेला असतो : मागून जाड पिना घ्या, पुढून बारीक करून द्या. लग्न जुळवणाऱ्या मधल्या माणसासारखा आहे तो. दोन्हीकडच्या पिना जुळवल्या की पंगतीत जेवून हा मोकळा, भार उचलायचा तो मागच्यांनी. आणि ठोकळाही ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी आगपेटी आहेच. वायरची टोकं सोलायची, सॉकेटच्या भोकात घालायची आणि वर एकेक आगकाडी ठोकायची. विदर्भातलं हे सर्वात जुनं अडॅप्टर, आणि आग लावायची सोय त्यातच.

मी तीन-बावीसच्या ताकदीची, तीन कोरची पांढरी केबल तीस मीटर घेतली. स्वस्त होती. शिवाय पांढरी असल्यामुळं मांडवाला शोभेल असा विचार केला. मांडव-डेकोरेशनवाल्यानं तीन केव्हीएचं जनरेटर दिलं आणि वर म्हणाला, "तीन हजार वॅट बिनधास्त ओढा."

गाडी आली. अर्धं गाव तिच्यात चपला काढून एका दारानं शिरलं आणि, दुसरं दार नसल्यामुळं, त्याच दारानं चेंगरत बाहेर आलं. आतला संडास पाहून माझ्या चुलतीनं डोक्यावरचा पदर सावरला. "सैपाक अन् हे, एकाच डब्यात?" जावईबापूंनी आठवण म्हणून तिकडून आणलेलं ते हाडूक दाखवलं. गोठ्यापाशी बसणाऱ्या आमच्या मोत्यानं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्यालाही व्होल्टेज जमलं नसावं.

जनरेटर ठेवायचं कुठं यावर खल झाला. मी म्हणालो गाडीच्या मागं, वायर वाचेल. जावईबापू एकदम ठाम. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग, झोपलेला माणूस उठतच नाही. कमीत कमी वीस फूट लांब आणि वारा धूर गाडीपासून दूर नेईल अशा अंगाला. त्यात त्या यंत्राचा आवाज असा की वीस फुटांवर नवरदेवाच्या आजोबांनाही ऐकू आला असता, आणि त्यांना तर मंगलाष्टकंही ऐकू येत नाहीत. म्हणून ते गोठ्याच्या पलीकडं गेलं. आम्ही पांढरी केबल लागेल तेवढी सोडली आणि उरलेलं भेंडोळं मांडवाच्या खांबाला नीट गोल टांगून ठेवलं. व्यवस्थितपणा हा माझा जुना रोग.

रात्री नऊला, बाहेर अजून झळा असताना, जावईबापूंनी एसी लावला. जनरेटरनं घसा खाकरला, हुंदका दिला, दिवे पिवळे झाले आणि एसी बंद. पुन्हा लावला, पुन्हा हुंदका. तिसऱ्यांदा कसाबसा चालला, तर मुलीनं आत चहासाठी विजेची किटली लावली. मांडवात चिवडा तळणाऱ्या बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. "काहून व, कढईत पिशवी पडली का काय?" प्लास्टिकचा वास कढईतून नव्हता येत. खांबावरचं भेंडोळं मऊ झालं होतं.

झटका आला तो हसतच. "गुरुजी, वायर गुंडाळून ठेवता? ते थंडं कसं होईन? कूलरवर गोधडी टाकता का?" मग त्यानं मला खाटेवर बसवून हिशोब मांडला. तीन केव्हीए म्हणजे तीन हजार वॅट नव्हे. खरे धरायचे चोवीसशे. एसीचे बाराशे, किटलीचे पंधराशे, झाले सत्तावीसशे. शिवाय एसी उठताना चौपट-पाचपट करंट मागतो. वायर तीस मीटर, पण करंटला जाऊन यावं लागतं, म्हणजे साठ मीटर. असल्या बारीक वायरीत त्या एका दणक्याला पंचवीसेक व्होल्ट वाटेतच जिरतात. "अडॅप्टर बदलून काई होत नाई जी. तोंड बदलते, गळा तोच राह्यते."

मी ज्याला भागाकार शिकवला, तो मला ओहमचा नियम शिकवत होता, आणि मी मान डोलावत होतो.

मांडवातल्या एका हौशी पोट्ट्यानं तेवढ्यात उपाय सुचवला : दोन्ही टोकांना पिनांचा प्लग लावलेली वायर करायची, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये, अख्खं घर चालते. झटक्यानं त्याच्या पाठीत एक ठेवून दिली. एक टोक निसटलं की उघड्या पिनांत जिवंत करंट, आणि मेन स्विच चालू राहिला तर तो उलटा डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, चढणार. खांबावर चढलेला लाइनमन मरेल. झटका त्या रात्री तेवढ्या एकाच वेळी गंभीर झाला. त्याचा थोरला भाऊ लाइनमन आहे.

जाड वायर रात्री दहाला आणायची कुठून? बायको म्हणाली, "अवो, मोटरीची नाई का?" विहीर एप्रिलातच आटली होती. तिच्यातली मोटर वर काढून गोठ्यात ठेवलेली, आणि तिची चार चौरस मिलिमीटरची चपटी, तीन कोरची केबल दोरीवर निवांत पडलेली. विहीर आटल्याचा आनंद मला आयुष्यात एकदाच झाला, तो त्या रात्री. झटक्यानं लाल तार फेजला आणि निळी न्यूट्रलला दिली. पिवळीवर हिरवी टेप गुंडाळून ती अर्थिंगला जोडली. निळा प्लग बसवला. काळ्या मातीला वीतभर भेगा पडलेल्या, म्हणून अर्थिंगच्या सळीभोवती मीठ टाकून टँकरचं दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. ते पाणी मी ज्या नजरेनं ओतलं, ती नजर बायकोनं पाहिली आणि ती काही बोलली नाही. केबल पूर्ण उलगडून जमिनीवर पसरली. किटली जप्त झाली.

एसी पहिल्या फटक्यात उठला. जनरेटरनं फक्त 'हूं' केलं, सासूनं माहेरचा विषय निघाल्यावर करावं तेवढंच.

पाच मिनिटांत ती थंड हवा गावभर कळली. चुलती आली, नवरीच्या मावश्या आल्या, तीन तान्ही पोरं आली. एकाच डब्यात संडास असल्याची तक्रार आता कोणी केली नाही. जावईबापू उशी घेऊन बाहेर आले आणि माझ्या शेजारच्या खाटेवर बसले. दर दहा मिनिटांनी उठून ते केबलवर हात ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "नॉर्मल आहे, बाबा," म्हणायचे आणि परत बसायचे. सहा वर्षांत आमचं इतकं बोलणं कधी झालं नव्हतं. सगळं वायरीबद्दल, पण झालं.

पहाटे डिझेल टाकायला गोठ्यामागं गेलो. जनरेटरला दोन सॉकेट. एकात आमचा प्लग. दुसऱ्यात दोन आगकाड्या. त्यांच्याखालून एक पांढरी, जागोजाग मऊ पडलेली केबल निघून कुडावरून, कडुनिंबाच्या फांदीवरून पलीकडच्या वाड्यात उतरत होती. तिच्यामागं गेलो. ती एका कूलरला जाऊन भिडली होती आणि कूलरसमोर, पोटावर हात ठेवून, झटका घोरत होता.