रत्नागिरीच्या वाळूतून निओडिमियम? ती बादली आधी खाली ठेवा

"किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत चुंबक फिरवा, चिकटेल ते बॅटरीच्या ॲसिडमध्ये टाका, निओडिमियम तयार! सोन्याहून दुर्मिळ, चीनने शोधलेला हा खजिना सरकार तुमच्यापासून लपवतंय." जोरदार चुंबकांत लागणाऱ्या निओडिमियम या धातूबद्दलचा हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. मी सोडून दिला असता. पण रत्नागिरीच्या मामेभावाचा फोन आला, "दादा, ॲसिड किती लिटर आणू?"

तर आधी चुंबक. तिथल्या वाळूचा काळा रंग मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या खनिजांचा. घरातल्या चुंबकाला पटापट चिकटतं ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. रेअर अर्थ, म्हणजे निओडिमियम ज्या गटात मोडतो ती मूलद्रव्यं, असतात मोनाझाइट नावाच्या खनिजात, आणि ते साध्या चुंबकाला दाद देत नाही. म्हणजे माल असलाच तर तो वाळूतच राहणार आणि तुम्ही घरी लोखंड आणणार.

बरं, मोनाझाइट मिळालं असं धरू. त्यात सेरियम, लँथॅनम, प्रासिओडिमियम, निओडिमियम एकाच स्फटिकात मिसळलेली असतात, आणि रासायनिक वागणूक जवळपास सारखीच. ॲसिडमध्ये विरघळली तर सगळी एकदमच विरघळतात. स्वीडनच्या मोसांडरने १८४१ च्या सुमारास 'डिडिमियम' नावाचं मूलद्रव्य जाहीर केलं. चाळीसहून अधिक वर्षं ते एकच समजलं जात होतं. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण करून त्याचे दोन भाग केले, त्यातला एक हा निओडिमियम. पुढे अमेरिकेत चार्ल्स जेम्सने थुलियम हे दुसरं रेअर अर्थ शुद्ध मिळवायला सुमारे १५,००० वेळा स्फटिकीकरण केलं म्हणतात. आज कारखान्यात द्रावक-निष्कर्षणाचे (एका द्रवातून दुसऱ्या द्रवात एकेक मूलद्रव्य ओढून घेण्याचे) शेकडो टप्पे लागतात, आणि तरी हाती येतो ऑक्साइड. धातू त्यानंतर. आणि हे बादलीत करायचं?

गंमत इथे संपते. भारतीय मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड साधारण ८ ते १० टक्के असतो, म्हणजे किरणोत्सर्गी माल. कारखान्यात तो वेगळा काढून सांभाळला जातो. तुम्ही तो मोरीत ओतणार, पोरं खेळतात तिथे. वर ॲसिडचे चटके आणि वाफा. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला याची फिकीर नाही.

सोन्याहून दुर्मिळ? नाही. सेरियम भूकवचात तांब्याइतकं आहे, आणि अगदी कमी असणारं थुलियमसुद्धा सोन्याच्या शंभरपटीहून जास्त. चीनने शोधलं? रेअर अर्थ असलेला पहिला काळा दगड १७८७ मध्ये स्वीडनच्या इटरबी गावच्या खाणीत सापडला, १७९४ मध्ये फिनलंडच्या गाडोलिनने त्यातून नवी 'माती' (तेव्हा ऑक्साइडला असं म्हणत) वेगळी केली. पुढे.

रेअर अर्थवर चीनची पकड मात्र खरी आहे, हे नाइलाजाने मान्य. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या २०२५ च्या अहवालात २०२४ चं जागतिक उत्पादन ३,९०,००० टन, त्यात चीनचं २,७०,०००. त्याच अहवालात भारताचे साठे ६९ लाख टन आणि उत्पादन २,९०० टन. हे आकडे कोणालाही फुकट वाचता येतात, लपवलेलं काय? केरळच्या अलुव्यात सरकारी कंपनी १९५० च्या दशकापासून रेअर अर्थचंच काम करते. अडतं ते ही मूलद्रव्यं मोठ्या प्रमाणावर वेगळी करण्यावर आणि त्यापुढे: मोठे कारखाने, द्रावकं, थोरियमची विल्हेवाट, आणि ऑक्साइडपासून धातू, धातूपासून चुंबक बनवण्याची साखळी. चीनने ती अनेक दशकं पैसा आणि प्रदूषण दोन्ही सोसून उभी केली.