टेम्पमध्ये ठरलेलं नाव चालतंय म्हणणाऱ्यांना

बेळगावातल्या आपल्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, की बिल्ड स्क्रिप्टमध्ये (कोडवरून प्रोग्रॅम बनवणारी स्क्रिप्ट) कामाच्या फोल्डरला सरळ /टेम्प/बिल्ड असं नाव द्या (टेम्प म्हणजे लिनक्सवरचा सगळ्यांना लिहायला उघडा असलेला तात्पुरत्या फायलींचा फोल्डर), स्टिकी बिट असतोय, बिल्ड दोन मिनिटांत संपतोय, लईच भीती वाटली तर नावाला डॉलर-डॉलर जोडा. हे चूक आहे, आणि पोरं तसंच कॉपी करायलेत म्हणून लिहितोय.

आधी स्टिकी बिट, म्हणजे टेम्प फोल्डरला लावलेली एक खूण. खानापूरच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच. स्टिकी बिट एवढंच सांगतो की दुसऱ्याचा रुमाल, म्हणजे दुसऱ्याची फाइल किंवा फोल्डर, उचलायचा नाही. पण तुमची सीट कायम कुठली हे माहीत असलेल्यानं आधीच रुमाल टाकला तर? मग तोच नियम त्याच्या बाजूनं, त्याचा रुमाल तुम्हाला हलवता येत नाही.

आणि स्क्रिप्टमध्ये बहुतेक वेळा असतं एमकेडीआयआर मायनस पी, म्हणजे फोल्डर बनवायची कमांड, जी फोल्डर आधीपासून असला तरी एक अक्षर बोलत नाही, गुमान पुढं जातं. फोल्डर त्या आधी रुमाल टाकणाऱ्यानं केलेला, सगळ्यांना लिहायला उघडा, तुम्ही त्यात इन्स्टॉल स्क्रिप्ट बनवून सुडोनं, म्हणजे रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या युजरच्या) हक्कानं चालवणार, आणि फोल्डरचा मालक तो असल्यामुळं तुमची फाइल काढून त्याच नावानं स्वतःची ठेवली की ती रूट म्हणून चालते. दोन मिनिटांचा प्रश्नच नाही, तो आठवडाभर आधी ठेवून जाईल.

डॉलर-डॉलर म्हणजे नुसता प्रोसेस नंबर, चालू प्रोग्रॅमला सिस्टीम देते तो. जुन्या डिफॉल्टला तो ३२,७६८ च्या आतच, एका लूपमध्ये सगळी नावं आधीच बनवता येतात.

लिनक्स कर्नल ३.६ पासून, म्हणजे २०१२ पासून, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडं बोट दाखवणारी लिंक) अडवायची सोय आहे हे खरं. पण ती टेम्पमध्ये थेट ठेवलेल्या लिंकसाठी, वरच्या फोल्डरच्या प्रकाराला ती लागू नाही.

"सर्व्हरवर आपलीच माणसं की." मी शिकत होतो तिथं एकच सर्व्हर होता. माझा बिल्ड परमिशन डिनाइड म्हणून पडायचा, अर्धा दिवस मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) चाळली, शेवटी फाइलचा मालक दाखवणारं एलएस मायनस एल मारलं तर मालकाच्या जागी शेजारच्या मित्राचं नाव! त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं, तीच स्क्रिप्ट माझ्याआधी चालवली होती फक्त.

त्यापेक्षा तात्पुरता फोल्डर बनवायला एमकेटेम्प मायनस डी ही कमांड वापरा. नाव रँडम, ते आधीच असेल तर घेत नाही, फोल्डर ७०० परमिशननं फक्त तुमचा. नाव व्हेरिएबलमध्ये धरा, ट्रॅप (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी सूचना) लावून शेवटी पुसा. ज्यांनी मेसेज फॉरवर्ड केलाय त्यांनी त्याच ग्रुपवर हे पण टाका.