नोटपॅडचं सोवळं

ठाणे-वाशीकडे वेब डिझाइन शिकणाऱ्या मुलांत एक मेसेज फिरतोय: ‘एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड, विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्येच लिहा. कोड लिहायचा एडिटर कचरा कोड घुसवतो, सवय बिघडवतो आणि साधा लॅपटॉप झोपवतो.’ तिन्ही आरोपांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर तो पटतो.

आधी कचरा कोड. तो घुसवतात वर्ड आणि चित्रं ओढून पान बनवून देणारी साधनं. वर्डमधल्या गोल अवतरणचिन्हांसकट लिंक चिकटवली, तर ब्राउझर ती चिन्हं पत्त्याचाच भाग धरतो आणि लिंक उघडत नाही. नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड या एडिटरांत कोडला दिसणारे रंग फक्त पडद्यावर असतात, फाइलमध्ये काही जात नाही. एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) आणि ओळ संपल्याची खूण सारखी ठेवा, फाइल बाइट न् बाइट नोटपॅडसारखीच निघेल.

मराठी पानांचा घात उलट जुन्या नोटपॅडनेच केला. 2019 च्या विंडोज 10 आवृत्ती 1903 च्या आधी ते आपणहून एएनएसआयमध्ये, म्हणजे देवनागरी न मावणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये, सेव्ह करायचं. सगळ्या लिपी मावणाऱ्या यूटीएफ-8 मध्ये ‘ठाणे’ला 12 बाइट लागतात: ठ, काना, ण, मात्रा, प्रत्येकी 3. सेव्ह करताना येणारी, अक्षरं हरवतील ही सूचना न वाचता ओके दाबलं की उरतात चार प्रश्नचिन्हं, आणि ती मराठी परत येत नाही. मेटा चारसेट, म्हणजे ब्राउझरला एन्कोडिंग सांगणारी ओळ, विसरलात तर अक्षरं नुसती विचित्र दिसतात, ती सुधारता येतात. ती ओळ पहिल्या 1024 बाइटांत हवी, म्हणजे हेड हा पानाचा सुरुवातीचा भाग उघडल्या उघडल्या लिहा. ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ हाही नोटपॅडचाच प्रसाद. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडायचं राहिलेलं असतं.

सवयीचं म्हणणं रास्त आहे: उघडलेला टॅग एडिटरच बंद करून देतो, मग हाताला ते वळण लागत नाही. पण त्यावर उपाय एका सेटिंगचा: व्हीएस कोडमध्ये ‘ऑटो क्लोजिंग टॅग्ज’ शोधा, महिनाभर बंद ठेवा. रंग मात्र राहू द्या. एक अवतरणचिन्ह सुटलं की खालचा मजकूर भलत्याच रंगात जातो आणि चूक कुठून सुरू झाली ते दिसतं. बंद न केलेल्या डिव्हचं, म्हणजे पानाचा कप्पा आखणाऱ्या टॅगचं, मात्र तसं नाही. ब्राउझर तो निमूट सांभाळून घेतो, फूटर, म्हणजे पानाची तळपट्टी, जाऊन बसतो बाजूच्या अरुंद कॉलमात, आणि व्हीएस कोडही त्यावर लाल रेघ मारत नाही. तिथे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा व्हॅलिडेटर, म्हणजे कोडच्या चुका दाखवणारं साधनच लागतं.

राहिला जडपणा. व्हीएस कोडच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तो ब्राउझर आहे, 4 जीबीच्या लॅपटॉपवर तो धापा टाकणारच. मग नोटपॅड प्लस प्लस घ्या. 2003 पासून आहे, फुकट आहे आणि हलकंही.