ड जीवनसत्त्वाने पेशींतली चरबी ‘बंद’ होत नाही

आत्याला आलेला मेसेज असा: ‘ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की पेशींच्या आवरणात चरबी बनणं बंद होतं. आठवड्याची गोळी रोज घ्या, वजन उतरेल. जीवनसत्त्वच आहे, अपाय नाही.’ आत्याने गोळी रोज सुरूही केली, म्हणून हे लिहितोय.

आवरणातली चरबी म्हणजे पोटावरची चरबी नव्हे. पेशीचं आवरण मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या वेगळ्या प्रकारच्या स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचं असतं. ते बनणं थांबलं तर नवी पेशीच घडणार नाही. साठ्याची चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, मेदपेशीच्या आत थेंबांच्या रूपात असते. मेसेज लिहिणाऱ्याला एवढंही ठाऊक नाही.

आता ‘बंद होतं’. 2000 च्या सुमारास अमेरिकी संशोधक मायकेल झेमेल यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून एक मांडणी केली होती: आहारात कॅल्शियम कमी पडलं की ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप रक्तात वाढतं, मेदपेशीत कॅल्शियम शिरतं आणि चरबी बनवणारं एन्झाइम जोर धरतं. म्हणजे या मांडणीत सक्रिय ड चरबी वाढवतं! मेसेजमध्ये नेमकं उलटं छापलंय.

माणसांत काय दिसलं? अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणीत पाळी थांबलेल्या 36,282 स्त्रिया होत्या. निम्म्यांना रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 400 युनिट ड दिलं, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. सुमारे सात वर्षांनंतर दोन्ही गटांच्या वजनात सरासरी फरक होता 0.13 किलोचा. ड चा डोस लहान होता, मान्य. पण याच चाचणीत गोळ्या घेणाऱ्या गटात मुतखड्याचं प्रमाण 17 टक्के जास्त निघालं, तेही या लहान डोसवर.

लठ्ठ माणसांच्या रक्तात ड बहुधा कमी असतं, हे मात्र खरं. ते चरबीत विरघळतं आणि मोठ्या साठ्यात पसरून जातं. म्हणून ड घेतल्याने लठ्ठपणा जातो असं होत नाही.

सगळ्यात घातक वाक्य ‘अपाय नाही’ हे. जादा ड लघवीवाटे सहज निघून जात नाही, शरीरात साठत राहतं. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा 4000 युनिट मानतात, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी त्याच्या कितीतरी पट असते. ती रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखं होणं, आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा. गोळी बंद केल्यावरही हे कित्येक आठवडे उतरत नाही. कुणी रोज घेत असेल तर ती आजच थांबवा आणि डॉक्टरांना सांगून रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.