यशवंत घाडगेंच्या हातात तलवार नव्हती

भाचीच्या शाळेत 15 ऑगस्टला भाषण आहे. परवा ती पाठ झालेलं म्हणून दाखवायला वही घेऊन उभी राहिली आणि दुसऱ्याच वाक्याला मी तिला थांबवलं. "नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने तलवारीने शंभर जर्मन कापले." कुठून आणलंस हे? "मामा, आईच्या व्हॉट्सअॅपवर आलंय." ताईचा फोन घेऊन बघितलं. मेसेज पुढे सांगत होता की घाडगेंनी नदीतून जखमी साथीदारांना पाठीवर आणलं, त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि आज त्यांचं कुठेही स्मारक नाही.

आधी त्या तलवारीचं बघू. घाडगेंच्या पराक्रमाचं अधिकृत सायटेशन, म्हणजे पदक देताना छापतात ते शौर्याचं वर्णन, 1944 च्या नोव्हेंबरात लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात छापलं गेलं. जेमतेम एका परिच्छेदाचं आहे, वाचायला दोन मिनिटं पुरतात. 10 जुलै 1944, दुसरं महायुद्ध, इटली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी शत्रूच्या मजबूत मोर्चावर चालून जात होती. नाईक हुद्द्यावरच्या घाडगेंच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. सोबत यायला कोणी उरलेलं नाही हे पुरतं ठाऊक असूनही ते थेट मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, ती चालवणाराही त्यातच संपला. दुसऱ्याला टॉमीगनने (हातात धरायची छोटी मशीनगन) टिपलं. मॅगझीन, म्हणजे बंदुकीला लावायची गोळ्यांची पेटी, संपलं आणि बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी टॉमीगन उलटी करून नळीकडून धरली (नुकतीच गोळ्या ओकलेली नळी किती तापलेली असेल!) आणि उरलेल्या दोघांना त्याच बंदुकीने हाणून मारलं. मग स्नायपरच्या (लपून नेम धरणाऱ्या बंदूकधाऱ्यांच्या) गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. स्वतः जिंकलेल्या त्या मोर्चातच ते गेले. वय 22.

चार माणसं होती, शंभर नव्हती. 'एकट्याने' हा शब्द तेवढा खरा, पण तो खरा का आहे हेच मेसेज गाळतो. घाडगे एकटे निघाले नव्हते, सोबतचे सगळे पडले म्हणून एकटे उरले. मेसेजमध्ये ते सुरुवातीपासूनच एकटे, हातात तलवार, एखाद्या कॅलेंडरवरच्या चित्रासारखे. त्यांच्या शेजारी कोसळलेली पोरं त्यात कुठेच नाहीत. मला संताप येतो तो याचा. रिकामं मॅगझीन हातात असताना त्या माणसाने काय केलं, हे कळल्यावर तलवार कोणाला सुचते तरी कशी?

नदीचा प्रसंग नामदेव जाधवांचा आहे. रेजिमेंट तीच, पण बटालियन पहिली, नदी सेनियो आणि तारीख 9 एप्रिल 1945. तेव्हा घाडगेंना जाऊन नऊ महिने झाले होते. घाडगेंसारखाच जाधवांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला आणि ते युद्धातून जिवंत परत आले. दोन माणसांचं शौर्य एकाच्या नावावर टाकलं की दुसऱ्याचं पुसलं जातं.

परमवीर चक्र सुरू झालं 1950 साली. घाडगेंना मिळाला तो मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तो इंग्रज सरकारचा होता म्हणून लपवायची गरज नाही. 1939 मध्ये हिंदी लोकांना न विचारता देश युद्धात ओढला गेला, हेही खरंच आहे. त्याने त्या मोर्चावरचं धैर्य कमी होत नाही.

स्मारकाबद्दलची तक्रार अर्धी खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. त्यांना थडगं नाही. इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर, ज्यांची कबर माहीत नाही अशांच्या यादीत, त्यांचं नाव आहे. त्यांच्या रायगड जिल्ह्याबाहेर विचारलं तर किती जण ओळखतील, शंकाच आहे. पण 'कुठेही नाही' हे धादांत खोटं. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीतल्या मोंतोने गावात 2023 साली त्यांच्या नावाने सूर्यघडीचं स्मारक उभं राहिलं.

भाचीने शंभराचा आकडा खोडला आहे. मॅगझीन म्हणजे काय, हे तिला वर्गात समजावून सांगावं लागणार, म्हणून भाषण दोन ओळींनी वाढलंय. ताईला सायटेशनचा मराठी अनुवाद पाठवला आहे. ज्या ग्रुपवर तो मेसेज आला, तिथेच ती तो टाकणार आहे.