दुभंगलेला ओठ, टाळू आणि 45 मिनिटांचा दावा

मुंबईत दुभंगलेल्या ओठांच्या मोफत शस्त्रक्रियेचं शिबिर जाहीर झालं की एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरू लागतो. बाहेरून मोठे डॉक्टर येणार, 45 मिनिटांत ऑपरेशन होणार, मूल कायमचं बरं होणार, जितकं लहान मूल तितकं चांगलं, आणि ही संधी हुकली तर लाखो रुपये मोजावे लागतील, असा त्याचा आशय. शिबिरांनी असंख्य मुलांचे ओठ शिवलेत आणि त्याबद्दल आदर आहेच. पण या मेसेजच्या भरवशावर राहिलेल्या मुलांचं नुकसान होतं.

आधी ती 45 मिनिटं. एका बाजूने दुभंगलेला ओठ शिवायला सराईत सर्जनला साधारण तेवढा वेळ लागतो. त्यात भूल देणं, शुद्धीवर आणणं आणि नंतरची देखरेख धरलेली नाही. टाळूचं, म्हणजे तोंडाच्या आतल्या छताचं, काम त्याहून नाजूक असतं. नाकाकडचं अस्तर, मधला स्नायू आणि तोंडाकडचं अस्तर असे तीन थर वेगवेगळे शिवावे लागतात. शिवाय दुभंगलेल्या टाळूत स्नायू पुढून मागे गेलेला असतो, तो सोडवून आडवा जोडावा लागतो. ते नीट झालं नाही तर भोक बुजलेलं दिसतं, पण मूल गेंगाणं बोलतं. टाळूच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र जोखमीची असते, कारण रक्तस्राव होऊ शकतो आणि सूज येऊन श्वास अडू शकतो. त्या रात्री ऑक्सिमीटर लावून कोण जागणार, हे नाव नोंदवतानाच विचारा.

‘जितकं लहान तितकं चांगलं’ हे तर सरळ चूक. ओठासाठी दहाचा जुना नियम आजही उपयोगी पडतो: वय 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, हिमोग्लोबिन 10. टाळू साधारण 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान शिवतात. नवजात बाळाची पहिली गरज दूध आहे. टाळू उघडा असल्यामुळे तोंडात दूध ओढायला लागणारी निर्वात पोकळी धरत नाही आणि बाळाला ओढता येत नाही. दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, बाळाला उभट धरून, थोडं थोडं पाजायचं. हवा जास्त गिळली जाते म्हणून मध्ये मध्ये ढेकर काढायचा. शिबिराची वाट बघत हे राहून गेलं तर वजन भरत नाही, आणि मग त्याच शिबिरातून बाळाला परत पाठवतात.

परत पाठवणं योग्यच असतं. सर्दी-खोकला असताना भूल दिली तर श्वासनलिका आवळू शकते, त्यामुळे ऑपरेशन काही आठवडे पुढे ढकलतात. अडचण अशी की शिबिराच्या तारखा पुढे जात नाहीत. म्हणून घरच्यांना सर्दी लपवायचा मोह होतो, तो टाळाच. उपाशी ठेवण्याचंही तसंच. बाहेरचं दूध 6 तास आधी, आईचं 4 तास आधी आणि पाणी 2 तास आधी बंद. रडतंय म्हणून गुपचूप पाजलेलं दूध भुलेत उलटून फुप्फुसात जाऊ शकतं.

सगळ्यात घातक शब्द म्हणजे ‘कायमचं’. टाळूचाच स्नायू कानाची नळी उघडतो, त्यामुळे या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. ऐकण्याची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. शिवलेल्या टाळूला कधी कधी भोक राहतं आणि वरणाचं पाणी नाकातून येतं. ते लगेच शिवत नाहीत, आधी ऊती मऊ पडू द्यावी लागते. बोलणं घरीही तपासता येतं. मुलाच्या नाकाखाली गार आरसा धरा आणि ‘पापा’, ‘टोपी’, ‘काका’ म्हणायला लावा. म, न असलेले शब्द घेऊ नका, त्यांत हवा नाकातून जातेच. आरशावर वाफ धरली तर हवा गळते आहे, वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा. हिरडीची फट राहिली असेल तर साधारण 8 ते 11 वर्षांच्या दरम्यान, सुळा येण्याआधी, कमरेचं हाड घेऊन ती भरतात. नंतर दातांच्या तारा, आणि गरज पडली तर वाढ थांबल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया. दोन दिवसांनी विमान पकडणाऱ्या पथकाकडून एवढं होणं शक्यच नाही.

या क्षेत्रातल्या संस्थांनाही हे कळलं आहे. 1982 मध्ये फिलिपिन्सच्या दौऱ्याने सुरू झालेल्या ऑपरेशन स्माइलने 2011 मध्ये गुवाहाटीत कायमचं केंद्र उघडलं. 1999 ची स्माइल ट्रेन तर पहिल्यापासून स्थानिक डॉक्टरांनाच पैसा आणि प्रशिक्षण देते.

राहिले लाखो रुपये. केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग वर्षभर चालतात. वाचा आणि श्रवणासाठी बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांचे दुभंगलेले ओठ-टाळू येतात. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाकडे नाव नोंदवा.

शिबिरात जायचं असेल तर जरूर जा. निघताना मात्र डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन वाचा: काय शिवलं आणि काय बाकी आहे, टाके विरघळणारे की काढायचे, मुलाने टाक्यांना हात लावू नये म्हणून बांधलेल्या हातांच्या पट्ट्या किती दिवस ठेवायच्या, आणि रात्री रक्त आलं तर मुंबईतल्या कोणत्या रुग्णालयात, कोणत्या डॉक्टरांकडे जायचं. शेवटची ओळ कोरी असेल तर ती भरून घेतल्याशिवाय निघू नका.