शिकवणं मोजायचं तर नीट मोजा

आज भाचीने तिच्या लॉ कॉलेजचा फीडबॅक फॉर्म दाखवला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. शिक्षक वेळेवर येतात का, अभ्यासक्रम पूर्ण झाला का, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो का. वर नाव, रोल नंबर. आणि भरायचा कधी, तर त्याच सरांच्या तासाला, सर समोर उभे असताना! कोणतं पोर खरं लिहील? कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलला कागद हवा होता, तो मिळाला.

पोरं शिकली काय, हे मात्र कुठेच विचारलेलं नाही.

आम्हाला पुरावा कायदा शिकवायला एक वकील यायचे. एकदा त्यांनी नावं खोडलेला निवेदन पंचनामा झेरॉक्स करून प्रत्येकाच्या हातात दिला. आरोपी पंचांसमोर म्हणतोय, ‘मी त्याला कोयत्याने मारलं, कोयता कडब्याच्या गंजीत लपवलाय, चला, काढून देतो.’ सर म्हणाले, यातलं कोर्टात वाचता येणार नाही ते खोडा. कोणी काहीच खोडलं नाही, कोणी सगळंच खोडलं. मग तासभर वादावादी. शेवटी ‘मारलं’ गेलं आणि कोयता कुठे आहे तेवढं उरलं. पोलिसांच्या ताब्यातली कबुली चालत नाही, पण तिच्यातून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो: जुन्या पुरावा कायद्याचं हे कलम 27 मला त्या दिवशी कळलं. याच कलमावरचा पुलुकुरी कोटय्या खटल्याचा निकाल त्यांनी नंतर वाचायला दिला, आणि आम्ही तो अख्खा वाचला, कारण आता आम्हाला भांडणाचा निकाल हवा होता.

भाचीला तेच कलम विचारलं. नव्या कायद्यातला नंबर बिनचूक: साक्ष्य अधिनियम, कलम 23, परंतुक. कोयत्याचं वाक्य सांगितलं तर गप्प झाली. म्हणाली, ‘मावशी, असं काही आम्हाला कधी दिलंच नाही गं.’ हुशार पोरगी आहे, तिचा काय दोष? 1 जुलै 2024 ला नवे कायदे आले, नंबर बदलले आणि घोकणाऱ्यांची पंचाईत झाली. ज्याने ते ‘मारलं’ स्वतःच्या पेनाने खोडलंय, त्याचं काय बिघडलं?

मान्य, एका वर्गात साठ-साठ मुलं, जागा रिकाम्या, तासिकेच्या पैशात घर चालत नाही. पण आमचे सरही तासिका तत्त्वावरच होते!

बार कौन्सिलच्या नियमांत दोन खटले प्रत्यक्ष बघायचे आहेत, एक दिवाणी, एक फौजदारी, 30 मार्कांना. किती कॉलेजांत वरच्या वर्गाचं जर्नल उतरवून काम भागतं, हे आपण सगळे जाणतो. याची मला चीड येते. ज्याने एकही उलटतपास बघितला नाही, त्याच्या हातात उद्या कुणाचा तरी जामीन असणार आहे.

फॉर्म बिननावी करा, निकाल लागल्यावर भरून घ्या. विचारा, यंदा एक तरी निकालपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंत का? एखादा अर्ज स्वतः लिहिलात आणि सरांनी लाल करून परत दिला का? वकिलीची सनद मिळून वर्ष झालं की त्याच मुलांना पुन्हा विचारा.

इथे शिकवणारे बरेच जण आहात. माझ्याकडे निकाल लागलेल्या केसेसचे पंचनामे आहेत, नावं खोडून देते. कोर्टात साक्षीपुरावा कधी आहे तेही आदल्या दिवशी कळवते. दहा-पंधरा पोरं घेऊन या, मागच्या बाकांवर बसवा.